समजा, पसंत नाही

त्यांना "काय साहेब, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. आपण विचारायचं म्हणून विचारतो; पण ते थांबायचे, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचे आणि खरोखर विचार करायचे. "सकाळी बरं होतं," असं शेवटी उत्तर यायचं, "आत्ताचं काही तपासलेलं नाही." मग पिशवी उचलून ते चालू लागायचे आणि बहरीनमधल्या झिंजच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात आपण नक्की काय विचारलं होतं ते आठवत उभं राहायची पाळी आपल्यावर.

आणि आपण होऊन काही सांगितलं, तर त्यांचा प्रश्न ठरलेला: "कशावरून?" अमका चांगला माणूस आहे. कशावरून? उद्या सुट्टी असेल. कशावरून? त्यात खवचटपणा नसायचा, खरोखर जाणून घ्यायचं असायचं, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. बहरीनमधल्या आम्हा मराठी लोकांत त्यांचं नावच ते पडलं. "गणपतीला 'कशावरून' येणार आहेत का? मग भाषण जरा आवरतं घ्या," असं लोक उघड म्हणायचे.

मी बहरीनला गेलो तो सत्तरचं दशक सरता सरता. अदलियातल्या एका बैठ्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. कंपनी डॅनिश, बॉस डॅनिश, आणि काम करणारे बहुतेक आपले. आम्ही इमारतींची आकडेमोड करायची आणि या 'कशावरून' साहेबांनी ती तपासायची. पुण्याचे, चाळिशी ओलांडलेले, उंच, किडकिडीत, अविवाहित. लाल पेन्सिल हा एकच शौक. माझं पहिलं काम त्यांच्याकडून परत आलं तेव्हा त्यात एकही चूक काढलेली नव्हती. फक्त एका ओळीखाली लाल रेघ होती. मी तिथं 'हे पुरेसे आहे' असं लिहिलं होतं. बरोबर होतं हो ते! पण का बरोबर आहे, ते लिहायला मी विसरलो होतो.

हे वेड त्यांनी डेन्मार्कहून आणलं होतं. कंपनीनं एका हिवाळ्यात त्यांना तिकडे पाठवलं होतं. तिकडे गेलेला माणूस बिस्किटांचे डबे आणतो, बहरीनमध्ये कधीही न लागणारा लोकरी स्वेटर आणतो. यांनी एक शब्द आणला. ज्या बाईंच्या घरी ते खोली घेऊन राहिले, त्या शाळेत भाषाही शिकवायच्या आणि गणितही. एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मुलांचे पेपर तपासत बसल्या होत्या आणि दोन्ही विषयांच्या पेपरांत एकच शब्द दिसत होता: सेटनिंग. भाषेच्या पेपरात त्याचा अर्थ वाक्य आणि गणिताच्या पेपरात प्रमेय.

"अरे, दोन्हीला एकच शब्द!" हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि पुढे इतक्यांदा सांगितलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. "म्हणजे त्यांच्या पोरांना कळत्या वयापासून ठाऊक, की वाक्य बोललं म्हणजे प्रमेय मांडलं. पक्ष आला, साध्य आलं, सिद्धता आली. आपल्याकडे वाक्य म्हणजे नुसती तोंडाची वाफ."

मी एकदा भीत भीत डॅनिश बॉसला याबद्दल विचारलं. तो पोट धरून हसला. शब्द खरा आहे, म्हणाला, पण आम्ही असलं काही मनात आणत नाही. आम्हीसुद्धा वाट्टेल ते बोलतो. आणि समुद्रात भर घालून बांधलेली इमारत पुढे खचते ना, त्या खचण्यालाही आमच्याकडे तोच शब्द आहे. साहेबांचं वेड जरा उतरेल म्हणून मी हे येऊन सांगितलं, तर त्यांना आनंदच झाला. "बरोबर आहे! सिद्धतेशिवाय उभं केलं, की खचायचंच." 

आमच्या बिल्डिंगखाली एका मल्याळ्याचं कोल्ड स्टोअर होतं. दूध, पाव, अंडी, कढीलिंब, सगळं तिथं मिळायचं. त्याच्याशी साहेब हिंदीत बोलायचे, म्हणजे निदान त्यांची तशी समजूत होती.

"पाव ताजा है?"

"एकदम ताजा, साब."

"किसपर से?"

तो बिचारा आधी फळीकडे बघायचा, मग छताकडे. काही महिने असे गेल्यावर त्याला उमगलं. साहेब दिसले की तो पाव घेऊन पुढे यायचा आणि त्यांच्या हातात ठेवून म्हणायचा, "दबाके देखो साब." साहेब दाबून बघायचे आणि प्रसन्न व्हायचे. "माणूस शिकतो रे," मला म्हणायचे, "विचारणारा पाहिजे."

आपल्या लोकांची एक सवय मात्र त्यांना मुळीच खपायची नाही. निरोप घेताना आपण "या एकदा घरी" म्हणतो ना, ती. कोणी तसं म्हणालं की ते लगेच विचारायचे, "कधी?" बँकेत असलेले एक गृहस्थ यात सापडले. "अहो, केव्हाही या, घर तुमचंच आहे," असं ते मंडळाच्या कार्यक्रमात बोलून गेले. पुढच्या शुक्रवारी भर दुपारी साहेब त्यांच्या दारात हजर. आत नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं. यांनी शांतपणे चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी घरचाच आहे." भांडण तिथंच विझलं म्हणे. त्या वहिनींनीच पुढे माझ्या बायकोला सांगितलं, की एवढ्या वर्षांत भांडणाच्या मधे येऊन कोणाचीही बाजू न घेणारा हा पहिलाच पाहुणा.

ऑफिसचा ड्रायव्हर हाजी हा त्यांचा खरा मित्र. सनाबिस गावचा म्हातारा बहरीनी. गाडी कधी दुरुस्त होईल असं विचारलं की त्याचं उत्तर, "बुकरा, इंशाल्ला." उद्या, देवाची मर्जी असेल तर. बाकीचे सगळे त्या इंशाल्लावर चिडायचे. साहेब म्हणायचे, "हा एकटाच माणूस वाक्याबरोबर अटही सांगतो. यात खोटं निघायला जागा कुठाय?" हाजी त्याच्या बागेतला खजूर ऑफिसात आणायचा. आम्ही "वा, छान!" म्हणायचो. साहेब काही न म्हणता दुसरा उचलायचे. हाजीला त्यांचंच उत्तर जास्त आवडायचं.

माझं लग्न झालं आणि फॅमिली व्हिसा मिळून बायको आली, तेव्हा साहेब दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायला लागले. ही कुडाळची. पहिल्याच शुक्रवारी तिनं हमूर माशाचं कालवण केलं आणि पदर सावरून विचारलं, "भावोजी, कसं झालंय?" त्यांनी वाटी पुढे केली. "अजून हवंय ते कळलं," ही म्हणाली, "पण झालंय कसं?" त्यांनी पुन्हा वाटी पुढे केली. तो दिवस हिनं रागात काढला. पण महिन्याभरात रुळली, आणि वाढताना स्वतःच म्हणायला लागली, "घ्या भावोजी, अजून थोडी सिद्धता घ्या." मला त्या माणसाचा लळा लागला होताच, तिला माझ्याहून जास्त लागला.

म्हणूनच तिनं एक दिवस जाहीर केलं, "भावोजींचं लग्न करून द्यायचं."

लग्न का झालं नव्हतं, ते त्यांनीच आम्हाला सरळपणे सांगितलं होतं. पुण्यात पुष्कळ मुली पाहिल्या. पाहून झालं की मुलीचे वडील विचारायचे, "पसंत आहे ना?" आणि हे म्हणायचे, "अजून सांगता येत नाही." मुलीचे वडील थांबत नाहीत. चहा निवायच्या आत मंडळी उठायची. पुढे पुढे घरच्यांनीही नाद सोडला.

हिच्या ओळखीच्या एक सिस्टर होत्या. सावंतवाडीच्या, साहेबांहून चार-पाच वर्षांनी लहान, बहरीनच्या एका हॉस्पिटलात नोकरीला. पाठच्या भावंडांची शिक्षणं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलेलं. हसऱ्या, गोलसर, आणि कामात वाघीण. हिनं त्यांना शुक्रवारी पोह्यांना बोलावलं. त्या ड्यूटीवरून थेट आल्या, पायांतले पांढरे बूट दाराशी काढले, आणि मी त्यांना सावध करायच्या आत साहेबांनी सुरुवात केली.

"तुम्हाला हे काम आवडतं?"

"आवडतं."

"कशावरून?"

मी डोळे मिटले. सिस्टर जरा विचार करून म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी करमत नाही, त्यावरून."

साहेबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या प्रश्नाला न चिडता, न गोंधळता, सरळ उत्तर देणारं कोणीतरी त्यांना भेटलं होतं. त्या दिवशी त्यांनी पोहे तीनदा घेतले. ही मला स्वयंपाकघरात येऊन चिमटा काढून गेली.

त्यानंतर दोघं आमच्याकडे शुक्रवारी भेटायचे, कधी समुद्राकाठी चक्कर मारून यायचे. काय बोलायचे देव जाणे. पण परतताना सिस्टर हसत असायच्या आणि साहेब काहीतरी समजावत असायचे. असे सहा-सात महिने गेले. हिनं विचारलं, "मग, पसंत ना?" तर म्हणाले, "तसं वाटतंय, वहिनी. पण वाटणं म्हणजे सिद्धता नव्हे."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग सिस्टरांचं काँट्रॅक्ट संपत आलं. इथं पुढे राहायचं का, ते त्यांना हॉस्पिटलला महिनाअखेर सांगायचं होतं. कुवेतमध्ये त्यांची मैत्रीण होती, तिनं तिकडे चांगल्या नोकरीचं बघून ठेवलं होतं. एका शुक्रवारी भाजी निवडता निवडता त्या हिला म्हणाल्या, "होय म्हणाले तर रवतंय गो. नायतर जातंय कुवेतला. किती दिवस असा लटकान रवाचा माणसान?"

ते मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांच्या कानावर घातलं. ते गंभीर झाले. लाल पेन्सिल खाली ठेवली.

"प्रत्यक्ष सिद्धता जमत नाहीये," ते म्हणाले. "सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग आता अप्रत्यक्ष करावी लागणार."

"म्हणजे?"

"शाळेत केली नाहीस? जे सिद्ध करायचं, त्याच्या उलट धरून चालायचं. समजा, पसंत नाही. मग पसंत नसलेला माणूस जसा वागेल तसं वागून बघायचं. कुठं विसंगती आली, तर धरलेलं चूक. म्हणजे पसंत आहे."

"अहो साहेब, ती बाई आहे! त्रिकोण नाही!"

"म्हणून तर काळजीपूर्वक करायला हवं," ते म्हणाले.

आणि त्यांनी ते केलं. शुक्रवारी आले नाहीत. सिस्टर आल्या, जेवल्या, रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि बूट चढवून गेल्या. त्यांना काय सांगावं? की बाई, तुम्ही पसंत आहात का हे ठरवण्यासाठी तुम्ही पसंत नाही असं धरलंय? पुढच्या शुक्रवारी त्याही आल्या नाहीत. ही माझ्यावरच डाफरली. "माका कायेक सांगू नकात तुमच्या सायबांचा! चांगल्या बाईचो जीव टांगून ठेवल्यानी." रागाच्या भरात हिची मालवणी बाहेर येते, आणि तेव्हा मी बोलत नसतो.

मी रोज ऑफिसात त्यांच्याकडे बघायचो. "काही विसंगती?" ते मान हलवायचे. झोप व्यवस्थित. भूक व्यवस्थित. आकडेमोड तपासताना चूक नाही. जे धरलंय ते टिकतंय, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा चेहरा पार उतरलेला असायचा. मला खरंच वाईट वाटायचं. हा माणूस स्वतःच्याच पद्धतीनं स्वतःचं नुकसान करून घेणार, आणि ती बाई निघून जाणार, आणि आपण नुसतं बघत बसणार.

अशात एक दिवस हाजीनं मला गाडीत विचारलं, "मुहंदिस बीमार है?"

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. तो साहेबांना त्याच नावानं हाक मारायचा. मी म्हटलं, "नाही तर. का?"

"रोज हॉस्पिटल जाता. ऑफिस खलास, हॉस्पिटल. मैं छोड़ता."

चेहरा उतरलेला, रोज हॉस्पिटल, आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. मी त्याच संध्याकाळी गेलो. ओपीडीच्या मोठ्या हॉलमध्ये बाकांवर माणसं दाटीनं बसली होती, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, हाताला फडकं गुंडाळलेले कामगार. खिडकीतून एक माणूस नंबर पुकारत होता. आणि पंख्याखालच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, साहेब बसले होते.

"साहेब, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"मग?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. पेन्सिलीला टोक करताना ब्लेडनं अंगठा कापला होता, म्हणून ते पहिल्यांदा आले. ड्रेसिंग रूममध्ये नेमक्या सिस्टरच ड्यूटीवर. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही?" हे म्हणाले, "नाही." पसंत नसलेला माणूस आणखी काय म्हणणार? अंगठा बरा झाला. हे येतच राहिले. रोज नंबर घ्यायचा, बसायचं, आणि शेवटी नंबर लागला की डॉक्टरांसमोर जायचं. डॉक्टर इजिप्शियन, भला माणूस. काय त्रास होतो, असं तो विचारायचा. खोटं वाक्य साहेबांच्या तोंडून निघणं शक्य नाही, त्यामुळे हे सांगायचे, काहीच होत नाही. तो रोज व्हिटॅमिनच्या गोळ्या द्यायचा. त्यांच्या शर्टाच्या खिशात मला त्या दिसल्या.

"पण मग इथं येता कशाला?"

"इथं बरं वाटतं," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस न तपासलेलं वाक्य बोलला होता, आणि ती संधी मी सोडणार नव्हतो. "कशावरून?" मी विचारलं.

ते उत्तर द्यायला वळले आणि तसेच थांबले. त्यांनी बाकाकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. मग समोरच्या ड्रेसिंग रूमच्या पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं, जो त्या बाकावरून अगदी समोर दिसत होता. त्यांचे कान लाल झाले.

"अरे," ते म्हणाले, "विसंगती तर इथं आहे. मी झोपेत शोधत होतो."

ते उठले आणि सरळ पडद्याकडे निघाले. "नंबर! नंबर!" करून लोक ओरडले. आवाज ऐकून सिस्टर हातात ट्रे घेऊन बाहेर आल्या. आणि त्या भरल्या हॉलमध्ये, ताठ उभं राहून, साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं. काय धरून चाललो, का धरलं, शुक्रवारी का आलो नाही. "पसंत नसलेला माणूस अंगठा बरा झाल्यावर रोज इथं येऊन बसणार नाही. मी बसलो. हे विसंगत आहे. म्हणून धरलेलं चूक. म्हणून पसंत आहे."

ऐकणाऱ्यांत मराठी कळणारा मी एकटाच होतो, पण हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या होत्या. सिस्टरांनी ट्रे बाजूच्या टेबलावर ठेवला. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. महिनाअखेर दोन दिवसांवर आली होती.

"कुवेतला मी मागच्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलंय," त्या म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात?" साहेब गोंधळले. "पण तेव्हा तर मी काहीच..."

"रोज तुम्ही संध्याकाळची ओपीडी उघडायच्या आधी येऊन बसता. आणि नंबर लागतो सगळ्यांच्या शेवटी. बरोबर?"

"हो."

"का, ते एकदा तरी विचारलंत कुणाला?"

साहेबांनी विचारलं नव्हतं. ते आ वासून खिडकीकडे बघायला लागले. खिडकीतला माणूस आमच्याकडेच बघत होता आणि सिस्टरांनी नजर टाकताच त्यानं खाली मान घातली.

"मी सांगून ठेवलंय त्याला," त्या म्हणाल्या. "ह्यांना शेवटी बोलवायचं, म्हणून." आणि मग मात्र त्यांना हसू आवरेना. ट्रे उचलून त्या पडद्यामागे जाता जाता म्हणाल्या, "सुटायला तास आहे मला अजून. बसा."

साहेब येऊन माझ्या शेजारी बसले. हळूहळू बाकं रिकामी झाली आणि खिडकीतून त्यांचा नंबर पुकारला गेला, एकदा, दोनदा. ते जागचे हलले नाहीत.